हंगामी फुलझाडं: आधी कॅलेंडर, मग कुंडी

डिसेंबरात कुठल्याही नर्सरीत जा. पिटुनिया, डायंथस, पॅन्सी काळ्या पिशव्यांमध्ये फुलांनी डवरलेल्या दिसतात. नव्या हौशी माणसाचा पाय तिथेच अडतो. चार-सहा पिशव्या घरी येतात, आठवडाभर बाल्कनी झकास दिसते आणि संक्रांतीच्या आसपास निम्मी रोपं माना टाकतात. मग 'आपल्या हाताला झाडं लागत नाहीत' असं म्हणून मंडळी पुन्हा मनीप्लँटकडे वळतात. यात हाताचा दोष फारसा नसतो. ऐन बहरात विकत घेतलेल्या रोपाचं निम्मं आयुष्य नर्सरीतच सरलेलं असतं, आणि त्या चिमुकल्या पिशवीत मुळांचा गुंता झालेला असतो.

हंगामी झाड म्हणजे बी, रोप, फूल आणि पुन्हा बी हा सगळा संसार एका हंगामात उरकणारं झाड. झेंडू, झिनिया, तेरडा, अ‍ॅस्टर, कॉसमॉस ही सगळी त्याच जातकुळीतली. चार-पाच महिन्यांत ती संपतात. ती संपणारच असतात, त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण आयुष्य इतकं मोजकं असल्यामुळे पेरणी महिनाभर चुकली की सगळंच चुकतं. जास्वंद कधीही लावली तरी वर्षभरात सावरून घेते. अ‍ॅस्टर सावरून घेत नाही.

कधी काय पेरायचं

महाराष्ट्रात पेरणीचे तीन हंगाम धरा.

पावसाळी फुलांचं बी जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर टाकायचं: तेरडा, कोंबडा, गोम्फ्रेना म्हणजे बटणफुलं, नारिंगी-पिवळा कॉसमॉस आणि झेंडू. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तेरड्याला नखरे नाहीत. जूनमध्ये बी टाकलं की ऑगस्टमध्ये फुलं येतात, आणि गौरी येतात तेव्हा तेरडा दारात हजर असतो. ज्या घरांत तेरड्याच्या गौरी बसतात त्यांना हे सांगायलाच नको.

हिवाळी हंगाम सगळ्यात श्रीमंत. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंडुला, अ‍ॅस्टर, श्वानमुखी म्हणजेच डॉग फ्लॉवर, लार्क्स्पर, नॅस्टरशियम, स्वीट पी, पॅन्सी, व्हर्बिना. यांचं बी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पडलं पाहिजे. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून ट्रे छपराखाली ठेवायचे. पॅन्सी मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात नीट रुजत नाही, तिला महिन्याच्या शेवटापर्यंत थांबवा. पुण्यातलं एम्प्रेस गार्डन आणि मुंबईतली राणीची बाग इथली फुलांची प्रदर्शनं जानेवारीअखेरीच्या सुमाराला भरतात, ते उगाच नाही. आपल्याकडे हिवाळी फुलांचा भर त्याच दिवसांत असतो. तिथून तीन-साडेतीन महिने मागे मोजलंत की पेरणीची तारीख मिळते.

उन्हाळी फुलांचं बी जानेवारी-फेब्रुवारीत पेरा: झिनिया, पोर्तुलाका, सूर्यफूल, गलांडा म्हणजे गॅलार्डिया. उन्हाळ्यात फार काही टिकत नाही हे खरं. पण पोर्तुलाका भर उन्हात, उथळ कुंडीत, पाणी द्यायला एखादा दिवस विसरलात तरी फुलते. बऱ्याच घरांत तिला 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण ऊन चढल्यावर उमलून दुपारनंतर ती मिटून जाते.

दसऱ्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर हीच मागे मोजायची रीत वापरा. रोप तयार व्हायला साधारण चार आठवडे आणि त्यानंतर फुलं यायला सुमारे दोन महिने. म्हणजे दसऱ्याच्या आधी तीन महिने बी पडायला हवं. गणपतीत आठवण होऊन पेरलेला झेंडू दिवाळीनंतर फुलतो.

प्रदेशाप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. नागपूर, नाशिककडची थंडी चांगली, तिथे पॅन्सी आणि श्वानमुखी पुण्यापेक्षा खुलतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात हिवाळा नावापुरताच. तिथे पॅन्सीचा हट्ट धरू नका. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पिटुनिया एवढ्यावरही बाग भरते.

ऊन मोजून घ्या

बहुतेक हंगामी फुलांना रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. 'उजेड भरपूर आहे' म्हणजे ऊन नव्हे. शिवाय जूनमध्ये ज्या कठड्यावर ऊन होतं तिथे डिसेंबरात ते असेलच असं नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत जवळजवळ येतच नाही. फक्त उत्तरेचीच बाल्कनी असेल तर हिवाळी फुलांवर पैसे घालवू नका. पूर्वेचं सकाळचं ऊन उत्तम. पश्चिमेचं ऊन थंडीत चालतं, पण मार्चनंतर ते रोपं करपवतं.

माती आणि कुंडी

पुण्याकडची किंवा मराठवाड्यातली नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. नर्सरीतली लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरे. शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. त्यात हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी निघते आणि मुळंही भाजतात. कुजलेल्या खताला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

डायंथस, पिटुनिया, फ्लॉक्सला आठ इंची कुंडी चालते. मोठ्या झेंडूला दहा-बारा इंची हवी, आणि त्या कुंडीत दोनपेक्षा जास्त रोपं कोंबू नका. बुडाची भोकं उघडी आहेत का ते भरण्याआधीच बघा. जमिनीत वाफा करणार असाल तर मोठ्या झेंडूला दोन रोपांत फूट-दीड फूट अंतर ठेवा, अ‍ॅस्टरला वीतभर पुरतं.

पेरणी

हंगामी फुलांचे दोन गट लक्षात ठेवा. काहींना जागा बदललेली सोसत नाही: सूर्यफूल, लार्क्स्पर, पॉपी, नॅस्टरशियम, स्वीट पी. ही जिथे वाढवायची तिथेच पेरा. झिनिया आणि कॉसमॉसलाही तेच बरं. बाकीच्यांची आधी रोपं करून मग ती हलवायची.

रोपांसाठी प्रो-ट्रे म्हणजे छोट्या खळग्यांचे प्लास्टिकचे ट्रे मिळतात. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला तापल्या सुईने बुडाला भोकं पाडली तरी काम भागतं. त्यात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं चाळून भरा. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. मिश्रण ओलं असावं, चिखल नसावा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटांतून पाण्याचे फार तर दोन थेंब गळावेत.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, हा सर्वसाधारण नियम. झेंडू, झिनिया, अ‍ॅस्टरवर पाव इंच मिश्रण भुरभुरलं की झालं. नॅस्टरशियम आणि स्वीट पीचं बी टणक असतं. रात्रभर पाण्यात भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोचा. फ्लॉक्स, पॅन्सी आणि कॅलेंडुलाला रुजताना अंधार लागतो, म्हणून बी नीट झाकून ट्रेवर वर्तमानपत्र पसरा आणि पहिला कोंब दिसताच ते काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात.

पिटुनियाचं सगळं उलट. तिचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये काही हजार मावतात, आणि त्याला रुजायला उजेड हवा असतो. पाकिटातून सरळ टाकायला गेलात तर सगळं एकाच कोपऱ्यात पडेल. चमचाभर बारीक कोरडी रेती घ्या, बी तिच्यात मिसळा, ते मिश्रण घडी घातलेल्या कागदावर घ्या आणि कागदाला बोटाने टिचक्या मारत ट्रेवर भुरभुरा. वरून माती घालायची नाही, तळव्याने हलकेच दाबायचं. पाणी वरून घातलंत तर बी वाहून जाईल. ट्रे परातीतल्या बोटभर पाण्यात ठेवा आणि वरचा थर ओला दिसला की उचला. वर पारदर्शक झाकण ठेवा, दिवसातून एकदा उघडून आतलं दव पुसा. आठवड्या-दीड आठवड्यात हिरवी बुरशी आल्यासारखं काहीतरी दिसेल. घाबरून फेकू नका, तीच तुमची रोपं. इथून पुढचे पंधरा दिवस ती वाढतच नाहीत असं वाटतं. धीर धरा, आणि लवकर वाढावीत म्हणून खताचं पाणी घालू नका.

झेंडू आणि झिनिया चार ते सात दिवसांत उगवतात, अ‍ॅस्टरला आठ-दहा दिवस लागतात, पॅन्सीला दोन आठवडेही. पाकिटावरची तारीख घेतानाच बघा. झेंडूचं दोन वर्षांचं बी कसंबसं चालून जातं, पण अ‍ॅस्टरच्या बियांची उगवण वर्षभरात फार घटते. दुकानात कोपऱ्यात पडलेलं अ‍ॅस्टरचं जुनं पाकीट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. अ‍ॅस्टरमध्ये आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रावर तयार झालेल्या 'फुले गणेश' नावाच्या जाती आहेत, पांढरी, गुलाबी, जांभळी. मिळाल्या तर त्या घ्या. या हवेत त्या रुळलेल्या आहेत.

रोपं कोलमडली तर

छान उगवलेली रोपं एका रात्रीत बुडाशी करकोचून आडवी पडतात. याला रोपं कोलमडणं म्हणतात आणि नवशिक्यांचं सर्वांत जास्त नुकसान याच रोगाने होतं. मातीतल्या बुरशीचं हे काम. दाट पेरणी, सतत ओल आणि कोंडलेली हवा मिळाली की ती फोफावते. पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्यामुळे इलाज आधीच करायचा. मिश्रण भरतानाच किलोला चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळा. बी विरळ टाका. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नाही. एका कोपऱ्यात रोपं पडायला लागली तर तो कोपरा चमच्याने मातीसकट उचलून टाका आणि दोन दिवस पाणी तोडा.

रोप हलवणं

उगवल्यावर आधी दोन गुळगुळीत दलं येतात. ती खरी पानं नव्हेत. त्यानंतरची चार ते सहा पानं आली की रोप हलवायला तयार समजा. त्याआधी आठवडाभर ट्रे रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवायचा आणि पाणी जरा कमी करायचं, म्हणजे रोप कणखर होतं. सावलीतून काढून थेट दुपारच्या उन्हात नेलेलं रोप पांढरं पडतं.

लागवड संध्याकाळी करा. आदल्या दिवशी ट्रेला पाणी द्या म्हणजे मुळांभोवतीची मातीची हुंडी (गोळा) फुटणार नाही. रोप धरायचं ते पानाला, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येईल, देठ चिमटला तर रोप गेलं. झेंडूचं रोप ट्रेमध्ये होतं त्यापेक्षा इंचभर खोल लावलं तरी चालतं, देठाला नवी मुळं फुटतात. अ‍ॅस्टर आणि पॅन्सी मात्र आधीच्याच पातळीला लावा. लावून झाल्यावर बोटांनी माती दाबा, पाणी द्या आणि दोन-तीन दिवस दुपारची सावली करा.

शेंडा खुडायला कचरू नका

वीतभर वाढलेल्या, नुकती पहिली कळी दिसू लागलेल्या झेंडूचा शेंडा नखाने खुडायचा, हे नव्या माणसाच्या जिवावर येतं. पण खुडला नाही तर झाड सरळसोट वाढतं, वर एक-दोन फुलं येतात आणि वाऱ्याने आडवं होतं. खुडल्यावर खालच्या प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते. फुलं आठवडा-दोन आठवडे उशिरा येतात, पण झाड भरून येतं. दसऱ्याचा हिशेब करताना हा उशीरही त्यात धरा.

पिटुनिया, श्वानमुखी, झिनिया, कॉसमॉस यांचाही शेंडा खुडा. कोंबड्याचा कधीही खुडू नका, त्याचा तुरा शेंड्यावरच येतो. अ‍ॅस्टर आपण होऊन फुटतो. एकदांडी सूर्यफुलालाही हात लावू नये.

पाणी आणि खत

रोज ठरल्या वेळी पेलाभर पाणी, ही सवय बाल्कनीतली निम्मी झाडं मारते. बोट मातीत दोन पेरं घाला. आत ओल लागली तर पाणी नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, माती ना कोरडी ना चिखल अशी, ती स्थिती मुळांना हवी असते. पाणी बुडाशी द्या. फुलांवर, पानांवर रोज फवारा मारलात तर झिनियाच्या पानांवर ठिपके आणि पिटुनियाच्या पाकळ्यांना डाग ठरलेलेच.

लागवडीनंतर तीन आठवडे खत नको, मातीतलं पुरतं. पुढे दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, किंवा लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं पाण्यात विरघळणारं खत. झाड हिरवंगार, पण कळीचा पत्ता नाही, असं दिसलं तर बहुतेक नत्र जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय. नॅस्टरशियमला तर खत देऊच नका, हलक्या मातीतच ती छान फुलते. तिची पानं-फुलं खाताही येतात, चव आळिवासारखी तिखट. कोशिंबिरीत टाकून बघा.

सुकलेलं फूल लगेच खुडायचं. बी धरलं की आपलं काम झालं असं झाड समजतं आणि नव्या कळ्या आटतात. पिटुनियात नुसत्या पाकळ्या ओढून काढू नका, खालचं हिरवं बोंडही गेलं पाहिजे.

किडी

थंडीत कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, फेब्रुवारीत ऊन वाढलं की पानांखाली लाल कोळी. मावा दिसल्या दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन टाका. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. परत आला तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. फुलपाखरांसाठी झिनिया लावायची आणि मग तिच्यावर जहाल कीटकनाशक मारायचं, हा उद्योग मला कधी कळला नाही.

दोन वर्षांची झाडं

पहिल्या वर्षी नुसती पानं, मग थंडीचा मुक्काम, आणि दुसऱ्या वर्षी फूल व बी, असा क्रम असलेल्या झाडांना द्विवर्षायू म्हणतात. होलीहॉक, स्वीट विल्यम, फॉक्सग्लोव्ह ही त्यांतली प्रसिद्ध. आपल्या शेतातला कांदाही त्याच गटातला. एरवी तो पहिल्या हंगामात गाठ धरतो आणि बियांसाठी ती गाठ पुन्हा लावावी लागते. पण शेतात मध्येच थंडी जास्त पडली की त्याला डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात. थंडी लागली, आता फुलायचं, असा त्याचा समज होतो. द्विवर्षायू फुलांना हाच थंडीचा इशारा लागतो.

आपल्या मैदानी भागात तेवढी थंडी पडत नाही. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून फॉक्सग्लोव्ह मागवाल तर बहुधा वर्षभर पानं बघत बसाल, आणि मे महिन्यात तीही जातील. होलीहॉकचं मात्र आपल्याकडे जमतं. पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या त्याच्या जाती मिळतात, पाकिटावर वार्षिक असं लिहिलंय का ते बघून घ्या. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये पाच-सहा फूट उंच दांडे फुलतात. मूळ खोल जातं, त्यामुळे रोप लहान असतानाच हलवा किंवा थेट जमिनीत पेरा. कुंडी असेल तर चौदा इंचांहून लहान नको. भिंतीच्या कडेला लावून काठीला बांधा. स्वीट विल्यमच्याही अशा वार्षिक जाती आहेत, पण नव्या माणसाने आधी साधा डायंथस करावा. दिसायला जवळपास तसाच, आणि त्रास काहीच नाही.

बी धरणं

हंगाम उतरू लागला की प्रत्येक जातीच्या सर्वांत चांगल्या झाडावरची दोन-तीन फुलं न खुडता ठेवा. झेंडूचं फूल झाडावरच वाळू द्यायचं. देठ तपकिरी झाल्यावर फूल उकललं की सुईसारखं काळं बी आणि त्याला चिकटलेला फिकट तुरा दिसतो. काळं, टणक, भरलेलं तेवढं ठेवा, पांढुरकं पोचट फेका. दसऱ्याच्या हारातल्या फुलांतून बी काढण्याची टूम दरवर्षी निघते. ती फुलं बी पिकायच्या आधीच तोडलेली असतात, म्हणून बरंचसं बी पोचट निघतं. शिवाय ती संकरित असली तर पुढच्या पिढीत फुलं तशीच येत नाहीत.

तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटून बी उडतं. बोंड फुगून पिवळसर झालं की त्याच्यावर कागदी पिशवी धरूनच तोडा. एवढं करूनही काही बी कुंडीत सांडेल आणि पुढच्या जूनमध्ये आपोआप उगवेल.

बी चार दिवस सावलीत वाळवा, कागदी पुडीत बांधा, पुडीवर नाव, रंग आणि वर्ष लिहा आणि पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून कोरड्या, थंड जागी ठेवा. एप्रिलमध्ये वाळलेली झाडं उपटून कुंड्यांमधली माती प्लास्टिकवर पसरा, ओली करा, वरून पारदर्शक प्लास्टिक घट्ट झाका आणि मे महिन्याचं कडक ऊन तिला तीन-चार आठवडे खाऊ द्या. मातीतली बरीचशी बुरशी आणि किडींची अंडी त्यात मरतात. जूनच्या पेरणीआधी त्यातच नवं शेणखत आणि ट्रायकोडर्मा मिसळून कुंड्या पुन्हा भरा.